एकाच टोपात सगळ्यांच्या काड्या

"साप खाल्लात की नाही, ते आधी सांग." माईंनी गडग्यावर कोपर टेकलं आणि चौकशी सुरू केली.

"नाही हो माई."

"मग बेडूक?"

"मेनूवर होता. आमच्या पानात नव्हता. आणि रानातली जनावरं मारून खायला-विकायला तिथं २०२० च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे."

माईंचा हिरमोड झाला. दिवाळीनंतर आम्ही दोघं लेकीकडे शांघायला जातोय म्हटल्यावर त्यांनी वाडीत सांगून ठेवलं होतं की ही माणसं काय काय खाऊन परततील ते देवच जाणे. थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा उडायला लागली आणि आमच्या ह्यांना निमित्त मिळालं.

"मग खाल्लंत तरी काय? सकाळी उठल्यावर?"

"घावन."

"चल, काहीतरीच!"

"खरंच सांगते. लेकीच्या इमारतीखाली उजाडायच्या आत एक बाई गाडी लावते. परातीएवढा गोल, सपाट तवा. त्यावर पळीभर पीठ ओतायचं आणि दांडा बसवलेल्या लाकडी पट्टीनं गर्रकन फिरवायचं. कडेपर्यंत पातळ पसरलं की वर अंडं फोडायचं, तेही त्याच पट्टीनं सारवून टाकायचं. मग कांद्याची पात, कोथिंबीर, चिमूटभर तीळ. उलटायचं, ब्रशनं लालसर चटणी फासायची, मधे तळलेली कुरकुरीत पट्टी ठेवायची, घडी घालून कागदी पिशवीत. पुढचा माणूस. ज्येनबिंग म्हणतात त्याला. तिएनजिन शहराकडची मूळ रीत मुगाच्या पिठाची."

"घावनच की गो! नि पडतं केवढ्याला?"

"आठ-दहा युआन. एका युआनाचे साधारण बारा रुपये धरा."

"शंभर रुपयांना घावन," माई पुटपुटल्या. आकडा त्यांनी मनात नीट ठेवून घेतला. संध्याकाळपर्यंत तो वाडीभर होणार.

"आणि ती बाई पैशाला हात लावत नाही. गाडीला चौकोनी कोड टांगलेला. गिऱ्हाईक फोन धरतं, पेटीतून आवाज येतो, बाईचं लक्ष तव्यावर."

"त्यात काय नवल? माझ्या मासेवालीकडे आहे ती पेटी. परवा माझे ऐंशी रुपये आले म्हणून सगळ्या बाजारात ओरडली."

हे मात्र माईंचं बरोबर होतं. चीनला जाऊन आलेली माणसं फोननं पैसे द्यायचं कौतुक सांगायला लागली की मलाही आता कंटाळा येतो. आपल्याकडे भाजीवाल्यापासून गुरवापर्यंत सगळे तेच करतात. तिथला फरक तो कोड पैशांपाशी थांबत नाही, हा आहे. हॉटेलात टेबलावर बसलात की कोपऱ्यात कोड चिकटवलेला. तोच मेनू, तोच वेटर, तेच बिल. रस्त्यावरची भाड्याची सायकल कोडनं उघडते. दुकानादुकानांत भाड्यानं बॅटऱ्या ठेवलेल्या असतात, कारण फोन बंद पडला तर माणूस अर्ध्या रस्त्यात लटकला. त्या बॅटऱ्याही कोडनंच निघतात. दोन-तीन ठिकाणी तर मांजराचं तोंड काढलेला रोबो बशा घेऊन आला. आमचे हे त्याला थँक्यू म्हणाले. जावई मान फिरवून हसला.

"आणि आमचे सुप्रभात का गो पोचत नव्हते तुला? रोज फुलं पाठवत होते मी."

"तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप चालतच नाही माई. गूगलही नाही. आपलं सिम रोमिंगवर घेतलं की चालतं, पण त्याचा दर बघून मी ते रात्रीच तेवढं सुरू करायची."

"म्हणजे रात्री पोचत होते."

"रात्री सगळे एकदम पोचत होते."

पडवीत पेपर वाचणाऱ्या आबांनी खाकरून घेतलं. माईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आणि स्वयंपाक? लेक करते की नाही?"

इथं जरा सांभाळून बोलावं लागलं, कारण लेक करत नाही. तिच्या मजल्यावर कुणीच फारसं करत नाही. जेवणाच्या वेळी सोसायटीच्या फाटकाशी पिवळ्या आणि निळ्या कपड्यांतल्या पोरांच्या विजेच्या दुचाक्यांची रीघ लागते. आवाज करत नाहीत त्या गाड्या, फुटपाथवरही कधी मागून येऊन उभ्या राहतात, कळत नाही; पहिल्या दिवशी मी दोनदा किंचाळले. पार्सल ठेवायचं, फोटो काढायचा, पळायचं. त्या पोराला मिनिटं मोजून दिलेली असतात आणि ती मिनिटं ठरवतं यंत्र. २०२० मध्ये 'रेनवू' नावाच्या तिथल्या मासिकानं या पोरांवर लांबलचक लेख छापला होता. वेळ गाठायची म्हणून सिग्नल तोडणारी, उलट्या दिशेनं गाडी घालणारी पोरं त्यात होती. देशभर त्याची चर्चा झाली. गरमागरम सूप दारात येतं ते कुणाच्या तरी पायाखालची मिनिटं काढून घेऊन, हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, पुण्यातही तेच चालतं. मग मी गप्प बसले.

"म्हणजे आपलं आपलं मागवायचं नि आपल्या खोलीत खायचं," माई म्हणाल्या. "काय मेलं जिणं."

"तसं नाही ना. तेच सांगतेय. फोनमधे बघाल तर जो तो एकटा. मेट्रोत बसलं की डब्यात एक डोकं वर नाही, आणि शांघायची मेट्रो आठशे किलोमीटरहून लांब आहे, म्हणजे किती डोकी खाली असतील बघा. पण चारजण जेवायला बसले की कुणाचंच काही वेगळं नाही. ताट ही वस्तूच नाही तिथं. प्रत्येकापुढे वाटी, लहानशी बशी आणि काड्या. बाकी सगळं मधे."

"मधे म्हणजे?"

"लेकीच्या शेजारी एक निवृत्त जोडपं राहतं. त्यांनी आम्हांला जेवायला नेलं. गोल टेबल, मधे फिरणारी काच. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, तिथं ह्यांना बसवलं. मासा आला तो अख्खा, डोक्यासकट, आणि काच फिरवून त्याचं डोकं ह्यांच्यासमोर आणून थांबवलं. मानकऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. आमच्या ह्यांना काड्या धरता येईनात. मासा निवत चालला आणि सगळे ह्यांच्याकडे बघतायत."

"मग?"

"त्या आजींनी चमचा मागवला."

"आणि सगळ्यांनी त्याच माशात काड्या घातल्या? तोंडातल्या?"

"त्याच."

माईंनी पदर सावरला. हा मुद्दा त्यांच्या लेखी सापाहून मोठा होता. त्यांच्या घरी अजून वाढणारीनं जेवणाऱ्याच्या पानाला पळी लागू द्यायची नाही असा दंडक आहे, आणि लागलीच तर ती पळी परत भांड्यात जात नाही.

"सरकारही मागे लागलंय त्यांच्या," मी समजूत काढली. "सार्सच्या साथीत, २००३ मध्ये लागलं होतं, २०२० नंतर पुन्हा. वाढायच्या काड्या वेगळ्या ठेवा म्हणून जाहिराती, फलक. चांगल्या हॉटेलांत आता प्रत्येकापुढे दोन जोड ठेवतात, दोन रंगांचे. एक वाढून घ्यायचा, एक तोंडात घालायचा. पहिली पाच मिनिटं सगळे शिस्तीत असतात. मग गप्पा रंगतात आणि कुठला जोड कशाचा ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय घरच्यासारखं मानलेल्या माणसाबरोबर वेगळ्या काड्या वापरायच्या म्हणजे परकेपणा, असं जुन्या माणसांना अजून वाटतं. त्या आजींनी माशाच्या गालाचं मऊ मांस काढलं, स्वतःच्या काड्यांनी, आणि माझ्या वाटीत ठेवलं."

"खाल्लंस?"

"खाल्लं."

"बरं," माई म्हणाल्या. "श्राद्धाचा स्वयंपाक करशील तेव्हा आधी डोक्यावरून आंघोळ कर."

श्राद्धावरून आठवलं. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद जावयानं दिली होती. कारण सांगायला मी तोंड उघडलं तर माईंनीच विचारलं, "मयताचं दिसतं म्हणून ना?" अगदी तसंच. मेलेल्यांपुढे उदबत्त्या लावतात तशा त्या दिसतात. ही गोष्ट मला चीनमध्ये दोनदा समजावून घ्यावी लागली होती.

भात मात्र माईंच्या पचनी पडला नाही. मेजवानीत तो अगदी शेवटी येतो, तोही कुणी मागितला तर. आधी भातानं पोट भरलं तर यजमानाच्या पदार्थांचा अपमान. "भात मागाहून? मग जेवायला बसायचंच कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही तेच वाटलं होतं.

"कुर्ल्या मिळाल्या का गो?"

आता आम्ही दोघी खऱ्या विषयावर आलो. शांघायच्या माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरं काही सुचत नाही. सूझौजवळ यांगचंग नावाचं तळं आहे, तिथल्या कुर्ल्यांना मोठा मान. गोड्या पाण्यातल्या, पंजांवर मऊ लव, दोरीनं घट्ट बांधलेल्या आणि जिवंत. आजींनी बांधलेल्याच वाफवल्या, म्हणजे पाय तुटत नाहीत. मसाला नाही, खोबरं नाही, काही नाही. आल्याचे बारीक तुकडे घातलेला काळसर शिरका, बास.

"मसाल्याशिवाय कुर्ली," माई म्हणाल्या. "वाया घालवायची ती वस्तू."

"मलाही असंच वाटलं होतं. पण कवच उघडलं आणि आतला केशरी गोळा जिभेवर ठेवला. माई, खोटं कशाला बोलू, तिथं वाटणाची आठवण झाली नाही. त्यांचंही गणित ठरलेलं आहे. त्यांच्या पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खायची, दहाव्यात नर."

"आणि अमावास्या-पौर्णिमा?"

"ते नाही विचारलं."

"तेच तर विचारायचं असतं! पौर्णिमेची कुर्ली पोकळ."

मग सगळ्यात गमतीची गोष्ट. कुर्ल्या झाल्या की आजींनी सगळ्यांना आल्याचा कडक गरम काढा दिला. का, तर कुर्ली थंड असते, पोटात गारवा धरतो.

"थंड?" माई आणि आबा एकदम ओरडले. पेपर खाली आला. "कुर्ली उष्ण! सर्दी झाली की कुर्लीचं कढण देतात, ते काय उगीच?"

इथं तडजोड शक्य नव्हती. दोन्हीकडच्या आज्यांना शेकडो वर्षांची खात्री आहे. मी गरम पाण्याकडे वळले. तिथं बारा महिने तेरा काळ गरम पाणी पितात, हॉटेलात बसल्याबसल्या तेच पुढे येतं, स्टेशनवर आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीत उकळत्या पाण्याचे नळ असतात. १९५० च्या दशकात सरकारनं आरोग्यमोहीम काढून पाणी उकळूनच प्या म्हणून घरोघर सांगितलं होतं, पण सवय त्याच्याही आधीची. आबांना हे पसंत पडलं. आबा गेली कित्येक वर्षं सकाळी तांब्याभर गरम पाणी पितात आणि प्रत्येकाला सांगतात.

"आणि कुर्लीचं कवच कुठल्या डब्यात टाकता, ते विचारा," मी म्हटलं. "शांघायमध्ये १ जुलै २०१९ पासून कचऱ्याचे चार प्रकार करायची सक्ती आहे. कवच ओल्यात. शिंपल्यांची कवचं सुक्यात. डुकराचं मोठं हाड सुक्यात. डब्यांची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, आणि तिथं हातमोजे घालून एक बाई उभी. चुकलं तर पन्नास ते दोनशे युआन दंड. नियम आला तेव्हा लोकांनी स्वतःच एक युक्ती काढली होती: डुक्कर खाईल तो ओला, डुक्करसुद्धा खाणार नाही तो सुका."

"आमच्या ग्रामपंचायतीला सांग."

"तुम्हीच उभ्या राहा डब्यापाशी."

"राहीन की." आणि त्या राहिल्या असत्या. कुणाच्या पिशवीत काय निघतं, ते बघायला मिळतंय म्हटल्यावर माईंना पगारही नको.

चेंगदूच्या फेरीचं मी राखून ठेवलं होतं. सेचवान प्रांताची ती राजधानी, आणि तिथलं जेवण म्हणजे हॉटपॉट. टेबलात शेगडी बसवलेली, वर टोप, टोपाच्या मधोमध पत्र्याची भिंत. एकीकडे अळंब्यांचं पांढरं पाणी, दुसरीकडे रक्तासारखं लाल. लाल बाजूची चरबी बहुतेक ठिकाणी गोवंशाची असते, हे जावयानं आधीच सांगितलं म्हणून आम्ही मोहरीच्या जातीच्या तेलातला टोप मागवला; तोही मिळतो. मग ज्याला जे हवं ते त्यात बुडवायचं: कमळाच्या देठाच्या चकत्या, बटाटा, तोफू, माशाचे काप. त्यांची आवड जनावराच्या आतड्यांवर आणि पोटाच्या पडद्यावर. तो पडदा पंधरा सेकंद खालीवर बुडवायचा, जास्त झाला की चिवट. बाहेर काढून लसूण घातलेल्या तिळाच्या तेलात बुडवायचा, म्हणजे तोंड भाजत नाही.

"त्या लाल तेलावर मिरच्या तरंगत होत्या आणि छोटी, तपकिरी, फुटलेली बोंडं. मी एक चावलं. जिभेला मुंग्या, ओठ बधिर. आणि वास? माई, डोळे मिटून सांगितला असता."

"कसला?"

"तिरफळाचा!"

माईंनी वळून स्वतःच्या परसातल्या झाडाकडे बघितलं. जणू ते गुपचूप जाऊन आलं होतं.

"अगदी तेच नव्हे. चुलत भाऊ. हुआज्याओ म्हणतात. झाडाचा वंश एक, काटेही तसेच. आपण बांगड्याच्या तिखल्यात पाच-सहा ठेचून घालतो, ती माणसं ओंजळीनं ओततात. मिरची तर त्यांच्याकडेही उपरी आणि आपल्याकडेही. अमेरिकेतून आलेली. चीनमध्ये पहिला उल्लेख १५९१ चा, तोही शोभेचं झाड म्हणून. त्याआधी सेचवानची माणसं याच बोंडांवर आणि आल्यावर तिखट खात होती."

"आम्ही मिरीवर."

"आणि तिरफळावर."

"पण टोप एकच ना? सगळ्यांच्या काड्या त्यातच?"

"उकळतं असतं गो ते," पडवीतून आबा.

"उकळलं म्हणून उष्ट्याचं सोवळं होत नाही," माईंनी निकाल दिला.

बिलाची झटापट सांगायला नको, आपल्याकडे लग्नाच्या खरेदीत होते तीच, फक्त तिथं आता कुणी हातातलं पाकीट ओढत नाही. कुणीतरी हात धुऊन येतो म्हणून उठतो आणि परत येईपर्यंत फोनवरून बिल चुकवलेलं असतं. चेंगदूत जावयावर असा डाव त्याच्याच हाताखालच्या पोरानं टाकला. उरलेलं बांधून न्यायला कुणी लाजत नाही. २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच आला, गिऱ्हाईकाला भरीस पाडून जास्त मागवायला लावणाऱ्या हॉटेलाला दहा हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. तरी यजमान माणसांपेक्षा पदार्थ जास्त मागवतोच. रिकाम्या बशा दिसल्या तर पाहुणा उपाशी राहिला, हे डोक्यातून काढायला कायदा पुरत नाही.

"माणसं दिवसभर करतात काय? म्हातारी माणसं?"

"बागेत असतात. चेंगदूच्या पीपल्स पार्कात १९२३ पासूनचं चहाघर आहे. बांबूच्या खुर्च्या, झाकणाची पेली, एकदा चहा घेतला की पाणी ओतून ओतून दिवस काढायचा. कान कोरणारे चिमटा वाजवत फिरतात. ह्यांनी कोरून घेतला."

"ईऽ!"

"संध्याकाळी बायका स्पीकर लावून रांगेत नाचतात, साठी उलटलेल्या. आवाज इतका की २०२२ मध्ये गोंगाटाच्या कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली. पण मी गेले ती शांघायच्या पीपल्स पार्कातला लग्नाचा बाजार बघायला. शनिवार-रविवार. आईबाप येतात, छत्री उघडून जमिनीवर ठेवतात आणि तिच्यावर मुलाचा नाहीतर मुलीचा कागद चिकटवतात."

माईंनी हातातलं सोडण खाली ठेवलं. "कागदावर काय असतं?"

"जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचं आहे का, शांघायचा रहिवासी म्हणून नोंद आहे का."

"फोटो?"

"बऱ्याच कागदांवर नसतो."

"शहाणी माणसं. आणि पत्रिका?"

"जन्मसालाचा प्राणी जुळतो का बघतात काहीजण. वाघ, ससा, डुक्कर वगैरे."

"आणि पोरं कुठं असतात?"

"ती घरी. काहींना तर आपला कागद लागलाय हेही ठाऊक नसतं. त्यांच्या फोनमध्ये लग्न जुळवायची सोय आहे, पण आईबापांचा त्या फोनवर विश्वास नाही. एका आजोबांनी मला थांबवून विचारलं, तुमचा मुलगा की मुलगी? लेकीचं झालंय म्हटल्यावर पुढच्या माणसाकडे वळले."

माईंचा कुडाळचा भाचा छत्तीसचा आहे. गेली सहा वर्षं वाडीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याच्याबद्दल ऐकावं लागलं आहे.

"पुन्हा कधी जाणार तू?"

"लेक म्हणते मे महिन्यात."

"मग एक छत्री जास्त ने. काळी नको, रंगीत."

"आधी त्याला नोकरीत कायम तर होऊ दे," आबा म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा. घर स्वतःचं आहे, आंब्याची चाळीस कलमं आहेत, तेही लिहायचं. उंची काय लिहूया गो, पाच-सात की पाच-आठ?"